सेकंडहँड गाडीचे बाहेरून बसवलेले इंडिकेटर बिघडले तर

स्टिअरिंगजवळचा इंडिकेटरचा दांडा ओढल्यावर डॅशबोर्डवरचा बाण नेहमीच्या संथ टिक-टिकऐवजी घाईघाईने उडायला लागला, की पहिला संशय फ्लॅशर रिलेवर, म्हणजे दिव्यांची उघडझाप करणाऱ्या स्विचवर जातो. रिले बदलून होतो, घाई तशीच राहते, मग दुसऱ्या कंपनीचा रिले येतो. खरं तर घाईने टिकटिकणारा रिले बहुतेक वेळा धडधाकट असतो. पुढे कुठेतरी करंट कमी जातोय, एवढंच तो सांगत असतो. सेकंडहँड गाडीत हे ‘कुठेतरी’ शोधणं जास्त अवघड, कारण कंपनीच्या वायरिंगवर आधीच्या मालकाची हौस चढलेली असते: एलईडी बल्ब, बाहेरून घेतलेला हेडलाइट, रिमोट लॉक, मागे टो-बारचं (ट्रेलर ओढायच्या दांड्याचं) कनेक्शन. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. मूळ काय होतं आणि नंतर काय जोडलंय ते आधी शोधायचं, तात्पुरतं मूळ स्थितीत नेऊन बघायचं, आणि पार्ट विकत घ्यायचे ते सगळ्यात शेवटी.

काही न उघडता दहा मिनिटं

इग्निशन चालू, इंजिन बंद. डावा इंडिकेटर, उजवा, मग हॅझर्ड (दोन्ही बाजू एकदम). तेच पार्किंग लाइट लावून, तेच ब्रेक दाबून, शेवटी इंजिन चालू करून. प्रत्येक वेळी गाडीभोवती फेरी मारा आणि पुढचा, बाजूचा, मागचा असे तिन्ही दिवे डोळ्यांनी बघा. डॅशबोर्डवर विश्वास ठेवू नका. उघडझाप तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ६० ते १२० ही मान्य मर्यादा आहे आणि चांगली गाडी साधारण ८०-९०च्या आसपास असते. सगळं कागदावर लिहून ठेवा, कारण तासाभराने नेमकं डावीकडे मंद होतं की उजवीकडे, हे आठवत नाही.

एकाच बाजूला वेग वाढलेला असेल तर त्या बाजूला करंट कमी जातोय: बल्ब गेलाय, तिथे एलईडी आहे किंवा एखादा जॉइंट सडलाय. दोन्ही बाजूंना सारखाच वेग वाढलेला असेल तर बहुधा चारही कोपऱ्यांत एलईडी बसवलेत. जुन्या गाडीत दिवा लागतो पण उडतच नाही, किंवा फार आळसावून उडतो, अशी तक्रार असेल तर आत पट्टी तापून चालणारा थर्मल फ्लॅशर असण्याची शक्यता मोठी. एलईडीच्या चिमूटभर करंटने ती पट्टी तापतच नाही. हॅझर्ड चालतं पण इंडिकेटर नाही, अशा गाडीत बल्ब आणि अर्थ (करंट बॉडीकडे परत नेणारं कनेक्शन) ठीक आहेत असं धरा आणि इंडिकेटरचा फ्यूज, दांड्याचा स्विच आणि हॅझर्डचं बटण इकडे वळा. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंडिकेटरची वायर हॅझर्डच्या बटणातूनच जाते. ते बटण वीस-तीस वेळा दाबून सोडल्यावर इंडिकेटर जिवंत झाला तर दोष बटणाच्या आतल्या काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टमध्ये आहे. इंजिन चालू केल्यावर सगळं सुधारत असेल तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा.

इंडिकेटरच्या तालावर शेजारचा पार्किंग लाइटही मिणमिणत असेल, तर फार विचार करायला नको: अर्थ गेलाय. करंटला बॉडीकडे जायची वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतोय.

आधीच्या मालकाने काय केलंय?

डिकीतलं अस्तर, पुढच्या दिव्यांच्या मागची जागा, स्टिअरिंगखालचं पॅनल आणि फ्यूज बॉक्सची मागची बाजू या चार जागी टॉर्च मारा. कंपनीची वायरिंग कापडी टेपने किंवा खाचेच्या पाइपने नीट बांधलेली असते आणि रंग ठरलेले असतात. मध्येच चकचकीत काळी चिकटपट्टी, एकाच रंगाच्या चार वायरी, स्क्रूने कुठेही टोचलेली अर्थ, सोनेरी अ‍ॅल्युमिनियमची लहानशी विटकर दिसली, की ते नंतरचं काम. ती विटकर म्हणजे लोड रेझिस्टर: एलईडीच्या जोडीला जादा करंट खाऊन साध्या बल्बचं सोंग आणणारा.

प्लास्टिकचा निळा किंवा लाल क्लिप-जॉइंट दिसला तर थांबाच. वायर न सोलता पक्कडीने दाबून बसवायचा हा प्रकार. त्यातलं पातं वायरचं इन्सुलेशन चिरून आत घुसतं, सोबत तांब्याच्या दोन-चार तारा कापतं, आणि त्या चिरेतून पाणी शिरतं. वर्षा-दोन वर्षांत आतलं तांबं हिरवं पडतं. वरून क्लिप नवी दिसते, आत तीन तारांवर सगळा करंट चाललेला असतो.

बल्ब काढून त्यावरचा शिक्का वाचा. पारदर्शक काचेच्या दिव्यात नारंगी बल्ब पीवाय२१डब्ल्यू लागतो, नारंगी काचेच्या दिव्यात साधा पी२१डब्ल्यू. दोघेही २१ वॅटचे. फरक बुडाशी असलेल्या दोन पिनांचा: पी२१डब्ल्यूच्या पिना समोरासमोर, १८० अंशांवर, पीवाय२१डब्ल्यूच्या १५० अंशांवर. हे मुद्दाम केलेलं आहे, नारंगीच्या जागी पांढरा बसू नये म्हणून. तरीही पिन कानशीने घासून बसवलेला बल्ब सापडतो. तो होल्डरमध्ये तिरका बसतो, खड्ड्यात हलतो आणि ‘कधी चालतो, कधी नाही’ ही तक्रार जन्माला येते. बाजूचा छोटा दिवा सहसा डब्ल्यूवाय५डब्ल्यू, ५ वॅटचा.

अख्खा दिवाच बाहेरचा असेल तर काचेवर ‘ई’ अक्षराचं गोल चिन्ह शोधा. शेजारी १, १ए किंवा १बी असेल तर तो पुढचा इंडिकेटर म्हणून मंजूर, २ए किंवा २बी मागचा, ५ किंवा ६ बाजूचा. काहीच नसेल तर तो दिवा दुरुस्त करत बसू नये. पाणी शिरणं आणि होल्डर सैल होणं हे त्याचं नेहमीचं दुखणं असतं, आणि अनेक देशांत तो तपासणीतही नापास होतो. साध्या बल्बसाठी मंजूर झालेल्या दिव्यात एलईडी बल्ब खोचण्यालाही बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. त्यामागे कारण आहे: दिव्याचा आरसा फिलामेंट नेमका कुठे पेटतं त्यावरून घडवलेला असतो; एलईडीचे ठिपके भलतीकडे असले की जवळून डोळे दिपतात आणि तीस मीटरवरून उन्हात काही दिसत नाही.

सामान

मल्टिमीटर, शक्यतो कमाल-किमान आकडा पकडून ठेवणारा. दोन नवे, खात्रीचे २१ वॅटचे बल्ब. त्यातल्या एकाला होल्डर आणि हातभर दोन वायरी जोडून घ्या, हाच आपला टेस्ट लॅम्प. १ चौरस मिलिमीटरची वायर, आत गोंद असलेल्या, तापवल्यावर आवळणाऱ्या हीट श्रिंक स्लीव्हचे क्रिंप जॉइंट (सोललेली टोकं पक्कडीने दाबून जोडायचे), चांगली क्रिंपिंग पक्कड, कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपर, सिलिकॉन ग्रीस. आणि त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. डायग्रामशिवाय वायर कापायची नाही.

दांड्याच्या स्विचपर्यंत जायचं असेल तर स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे हे विसरू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढा वेळ थांबा, मगच स्क्रूला हात लावा.

सगळ्यात उपयोगी चाचणी: साधा बल्ब लावून बघा

संशयित कोपऱ्यातला एलईडी (त्या बाजूला पुढे-मागे दोन्हीकडे असतील तर दोन्ही) काढून त्या जागी साधा २१ वॅटचा बल्ब लावा. दिवा सीलबंद एलईडीचा असेल तर त्याच्या वायरींच्या कपलरपाशी (खोचून बसणाऱ्या जोडापाशी) आपला टेस्ट लॅम्प त्याला समांतर जोडा. आता उघडझाप मोजा.

वेग नेहमीचा झाला तर वायरिंग, अर्थ, रिले सगळं ठीक आहे आणि प्रश्न फक्त कमी लोडचा, म्हणजे एलईडी फार कमी करंट घेतो याचा आहे. वेग तसाच राहिला किंवा बल्ब पिवळा-मलूल पेटला, तर लोडचा प्रश्न नाही, वाटेत अडथळा आहे. या एका चाचणीने अर्धं काम संपतं.

यामागचं गणित सोपं आहे. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेतो. पुढचा, मागचा आणि बाजूचा मिळून एका बाजूला ४७ वॅट, म्हणजे ३.९ अँपिअर. एलईडी त्याच जागी साधारण ०.१ ते ०.३ अँपिअर घेतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर किंवा गाडीचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल (नव्या गाड्यांत दिवे वगैरे चालवणारा कॉम्प्युटर) हा करंट मोजत असतो. तो घटला की ‘बल्ब गेला’ असा अर्थ लावतो आणि चालकाला कळावं म्हणून वेग जवळपास दुप्पट करतो.

अडथळा शोधणं

इथे बहुतेकांचा वेळ जातो, कारण मीटर ओहमवर ठेवून वायर तपासली जाते, मीटर ‘बीप’ करतो आणि वायर पास होते. पण मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. तीन तारांवर लोंबणारी वायरही त्याला चालते. बल्बला चालत नाही. पेटलेल्या २१ वॅटच्या बल्बचा रोध जेमतेम ७ ओहम असतो. सडलेल्या जॉइंटने त्यात फक्त १ ओहम घातला तर बल्बच्या वाट्याला १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट येतात आणि प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. म्हणून मोजायचं ते दिवा पेटलेला असताना, आणि व्होल्टमध्ये.

१. साधा बल्ब जागेवर ठेवा, हॅझर्ड चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर आणि कमाल आकडा पकडण्याच्या सेटिंगवर.

२. मीटरची काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. बॉडीवर नाही, खांबावरच. लाल सळई होल्डरच्या अर्थच्या पत्तीवर. दिवा पेटताना ०.१ व्होल्टपर्यंत आकडा उत्तम. ०.३ च्या वर गेला तर अर्थ साफ करायलाच हवी. अर्धा व्होल्ट किंवा जास्त म्हणजे दोष इथेच.

३. मग प्लस बाजू. लाल सळई बॅटरीच्या प्लसवर, काळी होल्डरच्या मधल्या कॉन्टॅक्टवर. आकडा वाचायचा तो पेटलेल्या क्षणाचा. विझलेल्या क्षणी पूर्ण १२ व्होल्ट दिसणारच, म्हणून इथे किमान आकडा बघा. फ्यूज, बटण, रिले हे सगळं वाटेत असल्याने इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्यावं. जास्त असेल तर काळी सळई एकेक कपलर मागे सरकवत चला. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, त्यांच्यामध्ये दोष.

मीटर हळू असेल तर उघडझापीत आकडे नाचतात. वेगळा फ्लॅशर रिले असलेल्या जुन्या गाडीत त्याला एक युक्ती आहे: रिले उपटा आणि त्याच्या सॉकेटमधली ४९ आणि ४९ए ही टोकं १० अँपिअरचा फ्यूज घातलेल्या वायरीने जोडा. दांडा ओढला की दिवा न उडता स्थिर पेटतो, निवांत मोजा. ३१ क्रमांकाच्या टोकाला ही वायर लागता कामा नये, ती अर्थ आहे. बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या गाडीत हा उद्योग अजिबात करू नका.

अर्थ दुरुस्त करताना नुसता स्क्रू आवळून भागत नाही. स्क्रू काढा, रिंग टर्मिनल आणि त्याखालचा पत्रा दोन्ही उघडं धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा, मग वरून ग्रीस. आधी ग्रीस आणि मग आवळणं असा क्रम नको. नंतर जोडलेल्या चार-पाच अर्थ एकाच पातळ स्क्रूवर चढवलेल्या असतील तर इंडिकेटरची अर्थ वेगळी करून कंपनीच्या मूळ अर्थ-बोल्टवर न्या.

क्लिप-जॉइंटचं एकच औषध: कापून टाका. बॅटरीची निगेटिव्ह काढून क्लिपच्या दोन्ही बाजूंना तांबं लालसर आणि चमकदार दिसेपर्यंत मागे सरका. काळवंडलेल्या तांब्यावर क्रिंप टिकत नाही आणि सोल्डरही धरत नाही. वायर आखूड पडली तर तेवढाच नवा तुकडा घाला, क्रिंप करा, जोरात ओढून बघा, मग स्लीव्ह तापवा; कडेने गोंदाचा थेंब बाहेर आला म्हणजे सील झालं.

एलईडी ठेवायचेच असतील तर

आमचं मत विचाराल तर साधे बल्ब परत लावा. इंडिकेटर दिवसातून काही मिनिटं पेटतो, तिथे वीज वाचवून काही हाती लागत नाही. पण दिवा मंजूर एलईडी प्रकारचा असेल, किंवा मूळ दिवा आता मिळतच नसेल, तर दोन मार्ग आहेत.

वेगळा रिले असलेल्या गाडीत लोड न मोजणारा एलईडी फ्लॅशर बसवणं हा स्वच्छ मार्ग. घेताना टोकांचे शिक्के जुळवा. ४९ म्हणजे बॅटरीकडून येणारी, ४९ए म्हणजे दांड्याकडे जाणारी, ३१ म्हणजे अर्थ. जपानी पद्धतीत त्यांनाच बी, एल, ई म्हणतात. पिना सारख्या दिसल्या तरी क्रम वेगळा असू शकतो, आणि उलटसुलट बसला तर नवा रिले पहिल्याच मिनिटाला जातो. याची किंमत अशी की बल्ब गेल्याची सूचना आता मिळणार नाही. अधूनमधून गाडीभोवती फेरी मारणं तुमच्याकडे आलं.

बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या गाडीत बदलायला रिलेच नसतो. टिकटिकही स्पीकरमधून येते. काही गाड्यांत स्कॅनरने सेटिंग बदलता येतं, नाहीतर लोड रेझिस्टर. ६ ओहम, ५० वॅटचा एक रेझिस्टर प्रत्येक बदललेल्या २१ वॅटच्या बल्बमागे, इंडिकेटरची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये, एलईडीला समांतर. १२ व्होल्टवर तो २ अँपिअर घेतो. इंजिन चालू असताना १४ व्होल्टवर सुमारे ३३ वॅटची उष्णता होते, उघडझापीमुळे सरासरी तिच्या निम्मी. ऐकायला कमी वाटते, पण हॅझर्ड लावून गाडी अर्धा तास उभी राहिली की त्याला हात लावता येत नाही. ५० वॅट हा आकडाही तो धातूवर पक्का बसवलेला असतानाचा आहे, हवेत लोंबत असतानाचा नाही. म्हणून दोन स्क्रूंनी बॉडीच्या पत्र्यावर, वायरी, प्लास्टिक, अस्तर आणि दिव्याची मागची बाजू यांच्यापासून चार बोटं दूर. दुहेरी टेपने बंपरच्या आत चिकटवलेला रेझिस्टर सापडला तर आधी तो काढा, बाकी नंतर.

उलटी चूकही सापडते: कुणीतरी साधे बल्ब परत लावलेत, रेझिस्टर मात्र जागेवरच. मग हॅझर्डला आठच्या जागी सोळा अँपिअर वाहतात आणि फ्यूज उडत राहतो. त्यावर मोठा फ्यूज हा उपाय नाही. बाजूच्या ५ वॅटच्या दिव्यामागे ६ ओहमचा रेझिस्टर लावणं ही त्याचीच छोटी आवृत्ती.

काचेच्या बुडाचा एलईडी अजिबात पेटत नसेल तर फेकण्याआधी उपटून अर्धा फिरवून लावा. साध्या बल्बला प्लस-मायनस नसतं, याला असतं.

दोन्ही बाजू एकदम लागतात

हा दोष गूढ वाटतो, पण कारणं मुख्यतः दोनच. पहिलं: रिमोट लॉक किंवा अलार्म. लॉक करताना चारही दिवे उडावेत म्हणून त्याच्या दोन वायरी डाव्या आणि उजव्या इंडिकेटरला जोडतात. घाईत बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळल्या असतील, किंवा त्या डब्यातला रिले चिकटला असेल, तर डावा-उजवा एकच होऊन जातो. अलार्मचा कपलर काढा. दोष गेला तर शोध संपला. त्या दोन वायरी स्वतंत्र जोडा, डबाच खराब असेल तर काढून टाका.

दुसरं: जुन्या गाडीत डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी एकच बाण-दिवा. तो डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये टांगलेला असतो आणि विरुद्ध बाजूच्या थंड बल्बमधून अर्थ घेतो. तिथे एलईडी आले की त्या एवढ्याशा करंटवरही ते पेटतात. यावर रेझिस्टर किंवा नवा फ्लॅशर चालत नाही. दोन १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) घ्या: एक डाव्या वायरीकडून, एक उजवीकडून, पांढरी पट्टी असलेली टोकं एकत्र करून बाण-दिव्याच्या एका टोकाला, आणि दिव्याचं दुसरं टोक थेट अर्थला.

पाणी आणि बाकी किरकोळ

धुतल्यावर किंवा पावसानंतरच बिघाड होत असेल तर दिव्याच्या आत वाफ बघा. मागचं रबर सील, बल्ब होल्डरची रिंग आणि हवा येण्या-जाण्याचं छिद्र तपासा. छिद्र सिलिकॉनने बुजवू नका. आत गेलेल्या ओलाव्याला तीच बाहेरची वाट असते. होल्डरमधली पत्ती दबलेली असेल तर बॅटरी काढून बारीक चिमट्याने हलकेच उचला, हिरवट थर घासा.

आरशातला इंडिकेटर मध्येच बंद पडत असेल तर दार आणि बॉडी यांच्यामधली रबरी नळी उलगडा, वायर तिथेच वाकून तुटते. पळत्या (एकापाठोपाठ पट्ट्या पेटणाऱ्या) एलईडीची शेवटची पट्टी पेटत नसेल तर उघडझापीचा वेग अजून जास्त आहे, पट्टी पुरी व्हायला वेळच मिळत नाही. टो-बारचं सॉकेट असेल तर त्यात हिरवा गंज आहे का बघा, आणि चाचणीपुरता त्याचा मॉड्यूल काढून ठेवा.

काम संपल्यावर

सुरुवातीचा कागद काढा आणि तोच क्रम पुन्हा करा. नंतर वीस मिनिटं हॅझर्ड चालू ठेवा. प्रत्येक नव्या जॉइंटला हात लावा. जॉइंट कोमट असेल तर तो पुन्हा करायचा आहे. रेझिस्टरला हात न लावता त्याच्या आसपासचं प्लास्टिक बघा, वास घ्या. पाइपने दिव्यांवर पाणी मारा आणि तासाभराने परत लावून बघा. भर दुपारी कुणाला तरी तीस मीटरवर उभं करून विचारा, डावा की उजवा ते स्पष्ट दिसतंय का.

काय काढलं, काय जोडलं, कुठल्या रंगाची वायर कुठे गेली, हे लिहून तो कागद गाडीच्या पुस्तिकेत ठेवा. सुटे निघालेले मूळ होल्डर आणि कपलर पिशवीत घालून स्टेपनीखाली टाका. ते सुटे सहसा मिळत नाहीत.